एक्याऐंशी प्रकरणांचा संकल्प

वर्षभरात बारा पुस्तकं वाचायची, असं पुष्कळजण ठरवतात. पहिलं पुस्तक उत्साहात संपतं, दुसरं रेंगाळत का होईना पण संपतं, आणि तिसरं कुठलं घ्यावं याचा विचार करता करता शिमगा येतो. थेरगाव-वाकडच्या सोसायट्यांत आणि कंपनीच्या बसमध्ये मी हे सतत पाहत आलो आहे. संकल्प पुस्तकाच्या मध्यावर फारसा मोडत नाही, मोडतो तो दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत. एक संपलेलं असतं, दुसरं हातात नसतं. आज ओव्हरटाइम, उद्या कुणाची हळद, परवा पोराची परीक्षा, असं करत ती फट इतकी रुंदावते की पलीकडे जायचं राहूनच जातं. म्हणून ज्यांची वाचनाची सवय सुटली आहे, किंवा ज्यांना इंग्रजी पुस्तक पहिल्यांदाच सलग वाचून काढायचं आहे, त्यांनी यंदा बारा वेगवेगळ्या पुस्तकांच्या मागे लागू नये. एक मालिका घ्यावी आणि ती पुरी करावी.

मालिकेतून वाचनाची गोडी लागणं मराठी घरांना नवं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि लोकांनी त्या वाचनालयातून एकामागून एक आणून वाचल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका पुस्तकात मावला नाही, तो पोरांच्या पिढ्यांबरोबर धावत राहिला. ओळखीच्या माणसाचं पुढं काय झालं हे कळायला हवं असतं, म्हणून पुढचं पुस्तक कुठलं हा प्रश्नच उरत नाही. आजच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ही जागा बऱ्याच अंशी इंग्रजी किशोर कादंबऱ्यांनी घेतली आहे, त्यातही 'डिस्टोपियन' म्हणतात त्या प्रकारानं: बिघडलेलं भविष्य, लोकांच्या मानेवर बसलेली सत्ता, आणि तिच्यासमोर उभं राहिलेलं एखादं कोवळं पोर. या प्रकारातली सगळ्यात जास्त वाचली गेलेली मालिका म्हणजे सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स'. हा लेख तिच्याविषयी आहे.

मूळ मालिका तीन पुस्तकांची. 'द हंगर गेम्स' २००८ मध्ये आलं, 'कॅचिंग फायर' २००९ मध्ये, 'मॉकिंगजे' २०१० मध्ये. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभा राहिलेला पॅनेम नावाचा देश आहे. मध्यभागी कॅपिटॉल ही श्रीमंत राजधानी आणि भोवती बारा जिल्हे. जिल्ह्यांनी एकदा बंड केलं होतं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडली जातात. त्या चोवीस जणांना एका आखाड्यात सोडतात, शेवटचा एक जिवंत उरेपर्यंत, आणि हे सगळं देशभर टीव्हीवर दाखवतात. बघणं सक्तीचं असतं. बाराव्या जिल्ह्यातली सोळा वर्षांची कॅटनिस एव्हरडीन आपल्याला ही गोष्ट सांगते. यापलीकडचं कथानक इथं सांगणार नाही, त्याचा आनंद वाचणाऱ्याचा आहे.

आपल्या थेरगाव-भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यानं ही मालिका वाचावी असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण पॅनेमच्या रचनेत आहे. तिथला प्रत्येक जिल्हा एकच गोष्ट पिकवतो किंवा बनवतो. बारावा कोळसा काढतो, अकरावा शेती करतो, आठवा कापड विणतो, चौथा मासेमारी करतो, तिसरा इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवतो, सहाव्याकडे वाहतूक. बनवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. बाराव्या जिल्ह्यात कोळसा निघतो, पण घरी वीज येते ती संध्याकाळचे दोन-तीन तास. भारनियमनात दहावीचा अभ्यास केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भोसरीत गिअरचा एक भाग बनतो, चाकणला गाडी जुळते, हिंजवडीत कुठल्यातरी परक्या बँकेचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. आपण दिवसभर जे बनवतो ते आपलं नसतं, ही जाणीव इथल्या हजारो माणसांना आहे. पण म्हणून आपला पट्टा म्हणजे पॅनेम, असं म्हणणं चूक आहे. तिथल्या माणसाला आपला जिल्हा सोडताच येत नाही. आपलं थेरगाव तर मराठवाडा, खानदेश, विदर्भ सोडून आलेल्या माणसांनी भरलेलं आहे. वाचताना साम्य दिसेल, तिथंच हा फरकही लक्षात ठेवा. पुस्तकाचा खरा धाक त्या फरकातूनच कळतो.

आता हिशोबाकडे येऊ. तिन्ही पुस्तकांत प्रत्येकी २७ प्रकरणं आहेत. प्रत्येक पुस्तकाचे तीन भाग आणि प्रत्येक भागात नऊ प्रकरणं. एकूण ८१. पुस्तक साधारण एक लाख शब्दांचं, म्हणजे एक प्रकरण सुमारे ३,७०० शब्दांचं. इंग्रजी ही रोजची भाषा नसलेला माणूस मिनिटाला दीडशे शब्दांच्या गतीनं वाचतो असं धरलं, तर एका प्रकरणाला पंचवीस मिनिटं लागतात. रोज एक प्रकरण वाचलं तर १ जानेवारीला सुरू केलेली मालिका २२ मार्चला संपते. म्हणून संकल्प 'तीन पुस्तकं' असा लिहू नका, 'एक्याऐंशी प्रकरणं' असा लिहा. तीन हा आकडा महिनाभर जागचा हलत नाही आणि माणूस खचतो. एक्याऐंशीतला आकडा रोज कमी होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात प्रकरणाचा क्रमांक टाकला तरी पुरे, वेगळं ॲप लागत नाही.

रोज एक हे मात्र जनरल शिफ्टवाल्याचं गणित झालं. फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्यानं दिवसाचं उद्दिष्ट ठेवूच नये, आठवड्याचं ठेवावं. आठवड्याला सहा प्रकरणं धरली तर चौदा आठवड्यांत मालिका पार पडते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात दुपारी घरी आल्यावर झोप लागायच्या आत एक प्रकरण होतं. सेकंड शिफ्टला सकाळ मोकळी असते, तो वाचनाचा सगळ्यात चांगला आठवडा, त्यात दोन प्रकरणं जास्त उरकून ठेवा. नाइटच्या आठवड्यात स्वतःकडून काही अपेक्षा करू नका, दोन प्रकरणं झाली तरी खूप. आपल्याकडे अनेक कारखान्यांना गुरुवारी सुटी असते. घरच्यांची रविवारची गडबड त्या दिवशी नसते, पोरं शाळेत गेलेली असतात. पवनेकाठी बोट क्लबच्या बाजूला किंवा केजूबाईच्या देवळाजवळ सावलीची जागा बघून बसलात तर तीन प्रकरणं सहज होतात. कंपनीच्या बसमध्ये वाचण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही. चाकणच्या रस्त्यावर ज्यांना गाडी लागते त्यांनी तिथं पुस्तक उघडू नये. त्यापेक्षा आदल्या दिवशी वाचलेलं प्रकरण डोळे मिटून मनात पुन्हा चालवावं. तेही वाचनच आहे.

पुस्तकं आणायची कुठून? नवा संच घ्यायचा असेल तर तिन्ही पुस्तकं एकदम घ्या, पहिलं वाचून मग बघू असं करू नका. सुरुवातीला सांगितलेली फट तिथंच पडते. जुनी प्रत चालत असेल तर मेट्रोनं मंडईला उतरून अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारा. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून, तिथं इंग्रजी किशोर कादंबऱ्यांचे गाळेही असतात. वाचनालयात नाव नोंदवणार असाल तर अनामत भरण्याआधी मालिकेचे तिन्ही भाग आहेत ना आणि ते एकाच वेळी कुणाकडे गेलेले नाहीत ना, एवढं विचारून घ्या.

सिग्नलवर आणि फूटपाथवर मिळणाऱ्या स्वस्त प्रतींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्या बहुतेक चोरून छापलेल्या असतात. लेखिकेला त्यातला पैसा मिळत नाही ही एक गोष्ट. दुसरी वाचकाच्या सोयीची: अशा प्रतींत कधी सोळा पानांचा एखादा फर्मा गळालेला असतो, कधी तोच फर्मा दोनदा शिवलेला असतो. या मालिकेत सोळा पानं म्हणजे जवळजवळ एक अख्खं प्रकरण, आणि नेमकं त्यातच कुणीतरी मेलेलं असतं. जुनी प्रत कुठूनही घेतलीत तरी दुकानातच पानांचे क्रमांक अंगठ्यानं सरकवत सलग तपासा आणि शेवटचं प्रकरण २७ वं आहे ना ते पाहा. थेरगावात पदमजींची पेपर मिल साठच्या दशकापासून उभी आहे. कागद म्हणजे काय आणि तो किती मेहनतीनं बनतो हे ज्या गावाला माहीत आहे, तिथल्या वाचकानं तरी धड छापलेली प्रत हातात घ्यावी असं मला वाटतं.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. ती इथं सोडून द्या. कॅटनिस स्वतःच, वर्तमानकाळात, लहान लहान वाक्यांत बोलते. ती शिकारी आहे, जे दिसतं, ऐकू येतं, ज्याची भूक लागते तेच सांगते. अडचण येते ती वेगळ्याच शब्दांची. मॉकिंगजे, जॅबरजे, ट्रॅकर जॅकर, ॲव्हॉक्स, हे शब्द लेखिकेनं घडवलेले आहेत. ते नेहमीच्या शब्दकोशात मिळत नाहीत, आणि नवा वाचक आपलंच इंग्रजी कच्चं समजून पुस्तक मिटतो. तसं करू नका. वहीचं शेवटचं पान या शब्दांसाठी ठेवा. पुस्तक स्वतःच कधी ना कधी त्यांचा अर्थ सांगतं, तो आला की समोर मराठीत लिहा. बाकीच्या अनोळखी शब्दांसाठी एक नियम पुरतो: तोच शब्द तिसऱ्यांदा भेटला आणि तरी कळला नाही, तर शोधा. पहिल्यांदाच प्रत्येक शब्द शोधायला बसलात तर पंचवीस मिनिटांच्या प्रकरणाला दीड तास लागेल आणि गोष्टीचा धागा हातातून जाईल.

आता पहिल्याच प्रकरणात थोडं खोल उतरू, कारण ते नीट वाचलं तर सगळी मालिका उलगडते. चिठ्ठीचा दिवस आहे. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, असं वाढत अठराव्या वर्षी सात. इथवर हे सगळ्यांना सारखं वाटतं. पण घरात अन्न नसेल तर मूल आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकून त्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल घेऊ शकतं. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक जादा चिठ्ठी. आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. कॅटनिसच्या घरी ती, आई आणि धाकटी बहीण प्रिम. म्हणजे दरवर्षी नियमाची एक आणि धान्याच्या तीन, मिळून चार. बारा ते सोळा अशी पाच वर्षं, म्हणून तिच्या वीस चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं. वर्षाला सहा, सात वर्षांच्या बेचाळीस. प्रिमची मात्र एकच, कारण तिच्या वाट्याचं धान्य बहिणीनं आपल्या नावावर घेतलंय.

हा हिशोब कादंबरीत फार ओळी घेत नाही, घाईत वाचणारा तो ओलांडून जातो. तुम्ही थांबा, कागद घ्या आणि मांडा. ज्याच्या घरी केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड आहे, ज्यानं धान्याच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहून आपला नंबर यायची वाट पाहिली आहे, त्याला इथं एक गोष्ट लखकन कळते. पॅनेममध्ये गरिबाला धान्य फुकट मिळत नाही, ते त्याच्या मरणाच्या शक्यतेवर उसनं मिळतं. श्रीमंताचं मूल आणि गरिबाचं मूल एकाच काचेच्या भांड्यासमोर उभं असतं आणि तरीही चिठ्ठी सगळ्यांना सारखी नसते. कॉलिन्सनी अन्यायावर भाषण दिलेलं नाही, आकडे दिले आहेत. पुढची ऐंशी प्रकरणं वाचताना हा वीस आणि बेचाळीसचा आकडा डोक्यात असू द्या. गेल इतका रागीट का आणि कॅटनिस इतकी सावध का, हे त्यातून समजत जातं.

थांबायचं कुठं, हे वाचायचं किती याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. कॉलिन्स कादंबऱ्यांआधी मुलांच्या टीव्ही मालिकांसाठी लिहायच्या, आणि जाहिरातीच्या आधी प्रेक्षकाला कसं अडकवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. प्रकरणाची शेवटची ओळ जवळजवळ दर वेळी धक्का देते. तिथं पुस्तक मिटायचं म्हटलं तर मिटवत नाही, रात्रीचा एक वाजतो आणि सकाळी पंच करायला उशीर होतो. यावर साधा उपाय आहे. रात्री वाचताना प्रकरणाच्या शेवटी थांबूच नका. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचा, धक्का ओसरतो, गोष्ट जरा संथ होते, तिथं खूण घाला. उलट ज्या आठवड्यात वाचायचा कंटाळा आला आहे, त्या आठवड्यात मुद्दाम प्रकरणाच्या शेवटच्या ओळीवर थांबा. दुसऱ्या दिवशी हात आपोआप पुस्तकाकडे जाईल.

पुस्तकांच्या मधल्या विश्रांतीचंही असंच आहे. पहिल्या पुस्तकाला त्याचा स्वतःचा शेवट आहे. तो संपल्यावर आठवडाभर सुटी घेतलीत तरी काही बिघडत नाही. दुसरं पुस्तक मात्र ऐन मोक्यावर तोडलेलं आहे. ते संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरं हातात हवं. २००९ मध्ये वाचकांना पुढच्या भागासाठी वर्षभर थांबावं लागलं होतं, आपल्याला ते सोसायचं कारण नाही. दुसऱ्या पुस्तकाची पहिली नऊ प्रकरणं थोडी संथ आहेत, तेवढी धीरानं काढा, नंतर पुस्तक स्वतःच पळवतं.

खरी कसोटी तिसऱ्या पुस्तकात आहे, आणि संकल्प मोडला तर तो इथंच मोडेल. पहिल्या दोन पुस्तकांत आखाडा होता, नियम होते, कोण उरलं हे मोजता येत होतं. 'मॉकिंगजे'मध्ये युद्ध आहे. माणसं जमिनीखाली कोंडलेली, आपल्या बाजूचे लोकसुद्धा कॅमेरे घेऊन मागे लागलेले, नायिका थकलेली, कधी कधी तर काहीच न करता एका कोपऱ्यात लपून बसणारी. अनेकांना हे कंटाळवाणं वाटतं. मला तो मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. कॉलिन्स लहान असताना त्यांचे वडील हवाईदलातून व्हिएतनाम युद्धावर गेले होते. पुढे, टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे तरुणांची स्पर्धा आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं एकापाठोपाठ एक दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं त्यांनी सांगितलं आहे. आखाड्याची गोष्ट युद्धाकडे जाणार हे त्यामुळे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. युद्धातून परतलेला माणूस वीरासारखा वागत नाही, तो झोपेत ओरडतो, हे सांगायला लेखिकेला संथ पानं हवीच होती. या पुस्तकासाठी वेग निम्मा करा, दिवसाला अर्धं प्रकरण. संकल्पाची तारीख चारेक आठवडे पुढे गेली तरी जाऊ द्या. आणि शेवटचा उपसंहार दोनच पानांचा आहे म्हणून सोडू नका.

वाचलेलं प्रकरण घरी कुणाला तरी मराठीत सांगण्याची सवय लावून घेतलीत तर त्याचा फार उपयोग होतो. स्वयंपाकघरात उभं राहून पाच मिनिटांत सांगायचं. सांगताना अडखळलात तर तेवढा भाग आपल्याला कळलेला नाही असं समजा, परत जाऊन वाचा. आमच्याकडे आईला मी असंच सांगत गेलो. इंग्रजी तिला येत नाही, पण चार दिवसांत तीच भाकरी थापता थापता विचारू लागली, "मग त्या पोरीच्या बहिणीचं काय झालं रे?" आणि बेकरीवाल्याच्या मुलानं पावसात भिजत भुकेल्या कॅटनिसला करपलेले पाव टाकले, तो प्रसंग सांगितल्यावर तवा तसाच ठेवून म्हणाली, "मुद्दाम करपवले असतील बघ त्यानं." पुस्तकात कॅटनिसला हीच शंका येते. उपासमार पाहिलेल्या माणसाला हे बरोबर उमगतं.

घरात मुलं असतील तर वयाचा विचार करा. यात मुलं मुलांना मारतात, आणि ते मरण लेखिका झाकून ठेवत नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या २०१० आणि २०११ च्या, सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ही मालिका होती. तेरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती मी ती एकट्यानं देणार नाही. आठवी-नववीच्या मुलाला द्या, पण आपणही सोबत वाचा, आणि त्यानं विचारलेल्या प्रश्नाला 'तू मोठा झाल्यावर कळेल' असं उत्तर देऊ नका. जगात या पुस्तकाचा अर्थ पोरांनीच आधी लावला आहे. दुसऱ्या प्रकरणात बाराव्या जिल्ह्यातली माणसं डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून कॅटनिससमोर उंचावतात. जिवाभावाच्या माणसाला निरोप द्यायची ती जुनी खूण आहे. २०१४ मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता घेतल्यावर विद्यार्थ्यांनी रस्त्यावर हीच खूण केली, आणि त्यासाठी त्यांना पोलिसांनी पकडलंही. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये तीच तीन बोटं पुन्हा वर झाली. मुलांना हे सांगा.

चित्रपट आधी बघावा की नंतर, हे हमखास विचारलं जातं. नंतर. २०१२ ते २०१५ या काळात तीन पुस्तकांवर चार चित्रपट आले आणि जेनिफर लॉरेन्सनं कॅटनिसचं काम उत्तम केलं आहे. पण पुस्तकात आपण फक्त कॅटनिसच्या डोळ्यांनी बघतो. समोरचा मुलगा खरं बोलतोय की कॅमेऱ्यासाठी नाटक करतोय, हे तिला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. चित्रपटात पडद्यावरचा चेहराच ते सांगून टाकतो. एक पुस्तक संपलं की त्यावरचा चित्रपट, असा क्रम ठेवलात तर गुरुवारची एक दुपार छान जाते आणि पाठही पक्का होतो.

पहिल्या भागाची नऊ प्रकरणं वाचूनही मन लागलं नाही तर मालिका बदला, संकल्प बदलू नका. लोइस लाउरी यांचं 'द गिव्हर' १९९३ चं, अवघ्या २३ लहान प्रकरणांचं, भाषा स्वच्छ, हिंसा जवळजवळ पडद्याआड, आणि त्याला पुढची तीन पुस्तकं आहेत. मला स्वतःला हे 'हंगर गेम्स'इतकंच मोलाचं वाटतं, शाळकरी मुलासाठी तर जास्तच. व्हेरॉनिका रॉथ यांची 'डायव्हर्जंट' आणि जेम्स डॅशनर यांची 'मेझ रनर' वेगवान आहेत, पण दोन्हींत पहिलं पुस्तकच सगळ्यात भरीव, पुढची उतरत जातात.

एक्याऐंशी पुरी झाली की आधीच्या काळातल्या गोष्टी सांगणारी दोन पुस्तकं समोर येतील. 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' २०२० मध्ये आलं, 'सनराइज ऑन द रीपिंग' २०२५ मध्ये. काही जण ही आधी वाचायला सांगतात, कारण त्यांतला काळ आधीचा: पहिल्या पुस्तकात ७४ वे खेळ आहेत, 'बॅलड'मध्ये १० वे, 'सनराइज'मध्ये ५० वे. तसं करू नका, ज्या क्रमानं छापली गेली त्याच क्रमानं वाचा. 'बॅलड'चा नायक म्हणजे मूळ मालिकेतला जुलमी राष्ट्राध्यक्ष स्नो, अठरा वर्षांचा असताना. तो पुढे काय होणार हे ठाऊक असलेल्यालाच त्या पुस्तकातली धडधड ऐकू येते. 'सनराइज' ही कॅटनिसचा दारुडा गुरू हेमिच याच्या तारुण्याची गोष्ट. त्याच्या खेळांचा थोडका वृत्तांत 'कॅचिंग फायर'मध्ये येऊन गेलेला असतो, आणि तो किती अर्धा होता हे इथं कळतं. 'बॅलड' जड आहे, पल्ल्याचं आहे, त्याला महिना द्या. 'सनराइज'ची पुन्हा २७ प्रकरणं आणि उपसंहार, त्यामुळे जुनाच हिशोब चालतो. मूळ तीन पुस्तकांचा संच तोवर मोकळा झालेला असेल. तो कपाटात ठेवू नका, मजल्यावरच्या किंवा लाइनवरच्या कुणाला तरी द्या, आणि देताना तिन्ही भाग एकदमच द्या.